रविवारचं कच्चं पत्र

९ जानेवारी

ताई,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. तू तीनदा फोन कापलास. चौथ्यांदा भावोजींनी उचलला, "ती बोलणार नाही" एवढं म्हणाले आणि ठेवून दिला. तेव्हा सप्रेम वगैरे लिहायची सोय आता मला राहिलेली नाही, हे कळतं. म्हणून नुसतं ताई.

आधी टिंबूचं सांग. चेहऱ्यावरची सूज उतरली का? लघवीचा रंग निवळला का? डॉक्टर मला म्हणाले होते की खरूज चिघळली की कधीकधी मूत्रपिंडांना सूज येते, पण या वयात बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. मीठ बंद आणि दर पंधरा दिवसांनी तपासणी. ते चालू असेलच. तू असताना तपासणी चुकेल असं होणार नाही.

मला या शाळेची किळस आली आहे. चार वर्षं इथे नोकरी करून आज हे सुचतंय, असं तू म्हणशील. म्हण. सकाळी जेवणघरात शिरलं की टेबलं पुसायच्या ओल्या फडक्याचा वास येतो, आणि त्याच टेबलाशी उभे राहून संचालक नव्या पालकांना सांगत असतात, "आमच्याकडे एकाला एक रस्ता." सांगून झालं की मुलांशी हात मिळवतात, खिशातली छोटी बाटली काढतात आणि पाठीमागे हात नेऊन जंतुनाशक चोळतात. मुलांना ते दिसतं. मुलं कितीही लहान असली तरी त्यांना सगळं दिसतं.

तुला माहितीपत्रकातलं माहीत आहे. मीच ते तुला आणून दिलं होतं. चोपन्न मुलं, सगळी इथेच राहणारी, वर्ग नाहीत, फळा नाही. प्रत्येकाला लाकडी कप्पा, कप्प्यात त्याची स्वतःची योजना, स्वतःचे कागद, स्वतःची गती. आम्ही शिक्षक नाही, आम्ही 'सोबती'. माझ्याकडे नऊ मुलं, त्यातली एक तुझी टिंबू. इथे कुणी नापास होत नाही आणि कुणी मागे पडत नाही. जो पडतो तो 'स्वतःच्या गतीने' जातो. ऐकायला किती गोड आहे बघ. मी हे शब्द रोज वापरले आहेत.

तुझी तक्रार शिक्षण कार्यालयात पोचली, हे इथे कळलं आहे. तू चिडणं साहजिक आहे. पण माझी बाजू एकदा ऐक. टिंबूला वेगळ्या खोलीत ठेवलं ते संसर्ग पसरू नये म्हणून. खोली हवेशीर होती. खरूज इतकी वाढली आहे हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिचा चेहरा सुजलेला दिसला त्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं आणि तुला फोन केला. यापेक्षा वेगळं मी काय करायला हवं होतं, ते तूच सांग.

उत्तराची वाट बघते.

तुझी धाकटी


१८ जानेवारी

ताई,

माझंच पत्र मला परत आलं. लिफाफा उघडला आणि वाटलं, तू निदान चार ओळी लिहिल्यास. बघते तर माझंच अक्षर आणि त्यावर तुझी लाल शाई.

वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतेस, तुझा हात मी ओळखते. 'हवेशीर' शब्द उडवला आहेस, ती शेपटीवाली खूण काढून. 'मी तिला दवाखान्यात नेलं' मधल्या 'मी'भोवती गोल आणि समासात प्रश्नचिन्ह. 'तिने कुणाला सांगितलं नाही' याच्याखाली दोन रेघा. बाकी काही नाही. 'किळस' शब्दाला हात लावलेला नाहीस, तेवढा तुला मान्य दिसतोय.

बरं. दुरुस्त्या करते.

खोली हवेशीर नव्हती. ती मागच्या बाजूची गाद्या ठेवायची खोली. खिडकी आहे, पण तिच्यासमोर पाण्याची टाकी. जुन्या गाद्या एका भिंतीला रचून ठेवल्या होत्या आणि त्यांना तो वास होता. अंथरुणात कुणी ओलं केलं, ते वाळलं, पुन्हा ओलं केलं, असा. त्या गाद्यांच्या शेजारी तिची खाट. मी दारात उभी राहून बोलायचे. आत जायला नको वाटायचं. हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेले नाही.

खरूज सप्टेंबरातच आली होती, आधी मोठ्या मुलींना. सगळ्यांना एकदम औषध लावायचं, सगळ्यांची पांघरुणं उकळायची, हा त्यावरचा उपाय कुठलाही डॉक्टर सांगेल. पण नोव्हेंबरात नव्या प्रवेशांसाठी पालक शाळा बघायला येतात. सगळी पांघरुणं दोरीवर दिसली तर ते विचारणार. म्हणून संचालकांनी तोडगा काढला. ज्याला खाज, त्याला 'वैयक्तिक सप्ताह'. योजनेच्या कागदावर तसा रकानाच तयार झाला, निळ्या रंगाचा. बाकीच्या मुली एकेक आठवडा राहून आल्या. टिंबूचा सप्ताह पाच आठवडे चालला, कारण तिची खरूज आटपेना. खाजवून खाजवून बोटांच्या बेचक्यांतून पू यायचा आणि बाहीला चिकटून वाळायचा. हे मी दारातून बघितलं आहे. त्या दिवशी मी जेवले नाही. किळस आली म्हणून, तिच्यासाठी नव्हे.

आणि तिने सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, दोनदा. मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्वचा आहे, वेळ घेते. तिची गती आहे." मी मान हलवून बाहेर आले.

दवाखान्यात मी नेलं नाही. धुण्यावरच्या काकूंनी नेलं. त्या कपडे न्यायला गेल्या तेव्हा टिंबू उठून बसू शकत नव्हती आणि भांड्यातली लघवी काळ्या चहासारखी होती. काकूंनी मला हाक मारली. मी म्हणाले, संचालकांना विचारून येते. काकू म्हणाल्या, "विचारा तुम्ही निवांत," आणि दूधवाल्याच्या टेम्पोत तिला घालून गेल्या. मी मागून रिक्षाने गेले. फोन मात्र मी केला होता, तेवढं खरं आहे.

काकूंना पुढच्या आठवड्यात कामावरून काढलं. शिस्तभंग.

आता बघ, काही उडवायचं राहिलं असेल तर.

धाकटी


२७ जानेवारी

ताई,

तू काही पाठवलं नाहीस, तरी मी लिहिते आहे. आता लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

काल संचालकांनी बोलावलं. सतरा फेब्रुवारीला शिक्षण कार्यालयात सुनावणी आहे. त्यांनी टेबलावर फाइल ठेवली. "तुमच्या भाचीची घरची पत्रं. सगळ्यांच्या झेरॉक्स आपल्याकडे आहेत. तिच्याच हस्ताक्षरात दर रविवारी लिहिलंय, मी आनंदात आहे. यात खाज नाही, खोली नाही, काही नाही. मुलीने आईपासूनही लपवलं, तर शाळेला कसं कळणार? एवढंच तुम्ही सांगायचं. सोबती म्हणून आणि मावशी म्हणूनही."

"मावशी म्हणूनही" म्हणताना ते हसले. त्यांचे दात फार स्वच्छ आहेत.

ती पत्रं कशी तयार होतात ते तुला माहीत नसणार. मुलांकडे फोन नसतो, महिन्यातून एकदा कार्यालयातून बोलायचं, तेही शेजारी कुणीतरी बसलेलं. 'वैयक्तिक सप्ताहा'त तेही बंद. बाकी सगळं रविवारच्या पत्रावर. मूल आधी कच्च्या वहीत लिहितं. सोबती वाचतो, लाल पेनने दुरुस्त करतो. मग मूल ते सुवाच्य अक्षरात छापील कागदावर उतरवतं, ते पक्कं पत्र. पक्कं घरी जातं, कच्चं आमच्याकडे राहतं.

दुरुस्त करतो म्हणजे काय, तर घरी काळजी जाईल असं काही राहू द्यायचं नाही. आम्हाला यादी दिलेली आहे. 'कंटाळा आला' ऐवजी 'थोडा बदल हवासा वाटतो.' 'भांडण झालं' ऐवजी 'मतं जुळली नाहीत.' 'रडले' या शब्दापुढे यादीत काहीच नाही, तो नुसता काढायचा. टिंबूने पहिल्या महिन्यात दोनदा तो लिहिला आणि मी दोनदा काढला. नंतर तिने लिहिला नाही. मुलगी हुशार आहे.

तेव्हा हो, ती पत्रं तिच्या हातची आहेत आणि माझ्या तोंडची. लिहितानाच मला शिसारी येते आहे. पण ताई, एक गोष्ट विचारते, राग आला तर येऊ दे. तू ती वाचलीस ना? दर आठवड्याला? पंधरा वर्षांची पोरगी 'येथील वातावरण प्रेरणादायी आहे' असं लिहिते, आणि तुझ्यासारख्या बाईला शंका येत नाही? दुसऱ्याच्या पुस्तकात चुकलेला अनुस्वार तुला तीन हातांवरून दिसतो. लहानपणी या पोरीने अक्षरागणिक टिंबं दिली म्हणून तूच तिचं नाव टिंबू पाडलंस. आणि पोटच्या मुलीचं पत्र खोटं आहे हे दिसलं नाही?

तू शाबासकी पाठवलीस! मला आठवतंय, ऑक्टोबरातलं तुझं पत्र. 'एकही चूक नाही. मोठी झालीस.' टिंबूने ते मला दाखवलं होतं. मी खूश झाले. वाटलं, ताईला माझं काम दिसलं. आपण दोघी शाळेत असल्यापासून तू माझ्या वह्यांत चुका काढत आलीस, एकदा तरी तुझ्या हातात माझ्याकडून कोरं, बिनचूक काहीतरी गेलं.

संचालकांना मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. जाताना ते म्हणाले, कच्च्या वह्या दरवर्षी मार्चअखेर रद्दीत जातात, यंदा जरा लवकर देऊन टाका. मी बरं म्हणाले.

त्या खोलीत आता आठवीच्या वयाच्या दोघी आहेत.

धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं. या वेळी वरपासून खालपर्यंत एकही खूण नव्हती. इतक्या घाणेरड्या पत्रात तुला एक शब्द दुरुस्त करावासा वाटला नाही, याची मला भीती वाटली. मग उलटून पाहिलं. पाठीमागे, पेन्सिलने:

'ती मला लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीत, पत्रात एक चूक मुद्दाम ठेवायची. मी ती शोधून परत पाठवायची. दुसरीपासूनचा आमचा खेळ. या वर्षी चूक नसायची. मला वाटलं, मोठी झाली, खेळ संपला.'

मी मला दिलेल्या कपाटापाशी गेले. कच्च्या वह्या अजून रद्दीत दिल्या नव्हत्या. आळस केला म्हणून, धैर्य म्हणून नव्हे. टिंबूची वही काढली आणि जून महिन्यापासून बघत आले.

दर रविवारी एक चूक. नेमकी एक. 'पाउस.' पुढच्या आठवड्यात 'परिक्षा.' मग 'दूपार.' आणि त्या प्रत्येक चुकीवर माझा लाल गोल, बाहेर शुद्ध रूप. एका ठिकाणी मी लिहिलंय, 'दर वेळी एक तरी चूक असतेच! लक्ष कुठे असतं?' तुझ्यासाठी ठेवलेली वस्तू मी दर आठवड्याला वाटेतच काढून घेत होते आणि वर तिलाच बोल लावत होते.

ताई, आता पुढचं बसून वाच.

तीस नोव्हेंबरचं पत्र. ती खोलीत होती त्याचा चौथा रविवार. मी ते जसंच्या तसं उतरवते, तिने लिहिलं तसं:

'प्रिय आई, तुला आणि बाबांना नमस्कार. इथे थंडी चांगली पडली आहे. मि रोज सकाळी व्यायाम करते. या आठवड्यात मला वेगळा अभ्यास दिला आहे. भूमितीची दोन प्रकरणं मी एकटीने पूर्ण केली. जेवण ठिक असतं. खोलीतून झाडं दिसतात. पुस्तकं भरपूर आहेत, त्यामुळे वेळ कसा जातो कळत नाहि. माझी काळजी करू नकोस. तुझी टिंबू.'

तीन चुका. या पोरीने, जिला ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या मांडीवर बसून कळलं, तिने 'मी' ऱ्हस्व लिहिला. दोन ओळींनंतर तोच शब्द बरोबर लिहिला आहे. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. मी तीन गोल काढले. माझ्याच लाल शाईतले तीन गोल आता ओळीने वाचले.

मी ठीक नाही.

तुला वेगळं सांगावं लागलं नसतं. तू पत्र हातात घेतलं असतंस आणि दुसऱ्या दिवशी इथे आली असतीस. तिला दवाखान्यात नेण्याआधी तेव्हा अजून तेरा दिवस हाताशी होते. त्या वेळी नुसती कातडी चिघळलेली होती, ती पुढे मूत्रपिंडांपर्यंत गेली. शाळेची यादी चुकवायला तिने 'रडले' लिहिलं नाही, खाज लिहिली नाही, खोटी झाडंसुद्धा लिहिली, म्हणजे मी खूश होऊन पत्र पुढे जाऊ देईन. आईला चुका दिसतात आणि मावशीला फक्त वाईट शब्द दिसतात, असा तिचा हिशोब. बिचारीचा एवढाच हिशोब चुकला. मावशीला चुकाही दिसल्या.

मी मोरीत जाऊन ओकले. मग तोंड धुतलं आणि आरशात बघितलं. या बाईच्या हातात कुणी आपलं मूल कसं द्यावं, असं वाटलं.

वही माझ्याकडे आहे. सुनावणीला अकरा दिवस आहेत. ती मी दिली तर शाळेचं तोंड बंद होईल, हे मला कळतं. पहिलं बोट माझ्याकडे येईल, हेही कळतं. लाल शाई माझी आहे. पुन्हा कुठली शाळा मला दारात उभं करणार नाही. मी धीट आहे असं खोटं लिहिणार नाही. आज विचारलंस तर देईन. उद्याचं माहीत नाही.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

परवा आपण एका खोलीत दोन तास होतो आणि बोललो दीड वाक्य. म्हणून हे लिहिते आहे. हे शेवटचं.

मी येईन की नाही याची तुला खात्री नव्हती, ते तुझ्या बसण्यावरून दिसत होतं. मलाही नव्हती. सकाळी संचालकांनी मला त्यांच्याच गाडीतून नेलं, वाटेत म्हणाले, "शांतपणे सांगा. मुलगी अबोल होती, एवढंच." गाडीत त्या जंतुनाशकाचा वास भरला होता. मी खिडकी उघडायला गेले तर ती उघडत नव्हती. वही माझ्या पर्समध्ये होती आणि मी मनात अबोल, अबोल असंच घोकत होते. खरं सांगते, कार्यालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत मी तेच बोलणार होते.

सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंनी संचालकांची फाइल चाळली. त्यांनी टिंबूचं पक्कं पत्र मोठ्याने वाचलं, 'मी रोज सकाळी व्यायाम करते', आणि शेजारी बसलेले समितीतले डॉक्टर म्हणाले, "यात तर मुलगी खूश दिसते." तू मान खाली घातलीस. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला लिहिलेल्या मजकुरापुढे मान खाली घालताना बघितलं. मी वही काढली ती तेव्हा. धैर्यबिर्य काही नाही. मला ते बघवेना.

मग काय झालं ते तू बघितलंसच. अध्यक्षबाईंनी तीस नोव्हेंबरचं पान उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात विशेष काय? तीन किरकोळ चुका आहेत आणि तुम्ही त्या दुरुस्त केल्यात. शिक्षिकेचं कामच ते." संचालक लगेच म्हणाले, "तेच म्हणतोय मी." मग तू हात पुढे केलास. तू माझं ते पत्र वाचलं होतंस, तरी ते पान तू असं घेतलंस की जणू पहिल्यांदाच बघते आहेस. एकेका शब्दावर बोट ठेवत, प्रूफ वाचून दाखवतेस त्या आवाजात वाचलंस. पहिला, दुसरा, तिसरा. लिहिणारा कारकून लिहायचा थांबला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. संचालकांनी खिशात हात घातला आणि बाटली न काढताच हात बाहेर घेतला.

त्यानंतर मला विचारलेलं सगळं मी सांगितलं. गाद्यांची खोली, निळा रकाना, शब्दांची यादी, काकूंचा टेम्पो. गाद्यांच्या खोलीतल्या त्या दोघींना काल दवाखान्यात हलवलं, घरचे येऊन बसले आहेत. सगळ्या वसतिगृहाची पांघरुणं आज अंगणात उकळत आहेत, वास इथपर्यंत येतो. धुण्यावरच्या काकूंना परत बोलावणं गेलं. त्यांनी सांगितलं की त्या शाळेच्या फाटकावर थुंकायलाही यायच्या नाहीत. मला काल कामावरून कमी केलं. पेटी बांधून झाली आहे. कार्यालय शाळेचं काय करायचं ते करील.

हे सगळं तुला कळणारच होतं, त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

सुनावणी झाल्यावर तू मला जिन्यापाशी गाठलंस. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. एवढंच विचारलंस, "तिन्ही चुका दाखवल्यास, तेव्हा ती काय म्हणाली?" आणि मी म्हणाले, "काही नाही."

तू "बरं" म्हणून वळलीस. भावोजींनी गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवर टिंबू बसली होती. गाल उतरलेत तिचे, पहिल्यासारखी दिसते. तिने माझ्याकडे बघितलं आणि काच वर केली. त्यावरून मला कळलं की तिने तुला हे सांगितलेलं नाही, आणि ती सांगणारही नाही. माझी अब्रू ती पोरगी झाकते आहे. ते मला सहन होत नाही, म्हणून मी सांगते.

त्या रविवारी मी दारात उभी नव्हते. आत गेले होते. नाकाला पदर लावून खाटेजवळच्या स्टुलावर बसले, वही तपासली, तीन गोल काढले आणि तिच्यापुढे धरली. शाळेत ती मला कधी मावशी म्हणायची नाही, इतर मुलांसारखी बाईच म्हणायची, मीच तसं बजावून ठेवलं होतं. त्या दिवशी तिने वही घेतली, गोलांकडे बघितलं आणि माझी बाही धरली. तिच्या बोटांचं काय झालेलं होतं ते मी तुला लिहिलं आहे. मी बाही सोडवून घेतली.

ती म्हणाली, "मावशी, एवढ्या तीन चुका राहू दे ना. आई करेल त्या दुरुस्त."

आणि मी म्हणाले, "म्हणजे आईला वाटायला, मावशीने काही शिकवलंच नाही."

तिने पेन घेतलं आणि छापील कागदावर तिन्ही शब्द शुद्ध लिहिले. मी तिथेच उभी राहून लिफाफा चिकटवला.

धाकटी